मास्तरांच्या मापाचं आभाळ

भिंतीला ब्रश लावण्याआधी डोंगरताई घरच्या माणसांना एकच गोष्ट विचारत: या खोलीत सगळ्यात जास्त वेळ कोण असतं, आणि कुठं बसतं?

लोक गोंधळत. त्यांना वाटलेलं असे, बाई विचारतील नदी हवी की तळं, झाडं हिरवी हवीत की पानगळीतली. खोलीत कोण बसतं याचा आणि डोंगराचा काय संबंध? एका घरी त्यावरून नवरा-बायकोत जुंपली. दोघंही म्हणत होते, जास्त वेळ घरात मीच असतो, आणि दोघांच्याही बोलण्यात ती तक्रार होती. दुसऱ्या एका घरी मुलांनी एका सुरात सांगितलं, कुत्रा. ताई म्हणाल्या, माझी हरकत नाही, पण मग चित्र तुम्हाला रांगत बघावं लागेल.

उत्तर मिळालं की त्या माणसाला त्याच्या नेहमीच्या जागी बसवलं जाई, आणि मास्तर पुढे होत. मास्तर म्हणजे ताईंचे यजमान. पेशाने शिंपी, टेप कायम गळ्यात. ते जमिनीपासून त्या माणसाच्या डोळ्यांपर्यंतची उंची घेत आणि तेवढ्या उंचीवर भिंतीच्या एका टोकाला पेन्सिलीचं टिंब देत. मग पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून तेच टिंब दुसऱ्या टोकाला नेत. शेवटी निळीत घोळवलेली दोरी निघे. एक टोक मास्तरांच्या अंगठ्याखाली, दुसरं ताईंच्या. दोरी ताणायची, जराशी ओढून सोडायची. टप्प असा आवाज होई, आणि कोऱ्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी रेघ उमटे.

ती रेघ म्हणजे क्षितिज. जमीन तिच्या खाली, आभाळ तिच्या वर. पुढचं सगळं ताईंच्या मर्जीचं असे, पण ती रेघ तिथं बसणाऱ्याची.

ही रीत त्यांना कुणी शिकवली नव्हती. ती एका फजितीतून आली होती.

लग्नानंतर दोघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल होती. चुना मारा, भेगांत लांबीचा लगदा भरा, पालथ्या घड्यावर पाणी; डाग पुन्हा हजर. एके दिवशी ताईंच्या लक्षात आलं की डागाची वरची कड डोंगराच्या रांगेसारखी आहे. त्यांनी डागाशी भांडण सोडलं आणि त्याच्या मागे आणखी एक रांग काढली, निळसर. तिच्या मागे अजून एक, त्याहून फिकी. घरमालकीण गळका नळ बघायला आली आणि कमरेवर हात ठेवून भिंतीसमोरच थबकली. आधी तिने भिंत खराब केल्याबद्दल चार शब्द सुनावले. मग जवळ जाऊन निळसर रांगेवरून बोट फिरवलं. जाताना दारातून म्हणाली, आमच्या दिवाणखान्यात असंच एखादं तळं काढून देशील का? ‘डोंगरताई’ हे नाव तिनेच पाडलं.

ताईंनी ते तळं जीव ओतून काढलं. काम संपल्यावर घरमालकीण समोरच्या खुर्चीत बसली, आणि थोड्या वेळाने गळ्याशी हात नेत म्हणाली की सुंदर आहे, पण बुडल्यासारखं वाटतंय. आता आली का पंचाईत. पाणी तर आरशासारखं शांत होतं. ताई रडकुंडीला आल्या. संध्याकाळी दुकान बंद करून मास्तर बघायला गेले. ते खुर्चीत बसले, उठले, ताईंच्या स्टुलावर चढले, पुन्हा खुर्चीत बसले आणि हसत सुटले. तळ्याचा पलीकडचा काठ ताईंनी स्टुलावर उभं राहून, स्वतःच्या नजरेच्या रेषेत काढला होता. खुर्चीतल्या बाईच्या डोक्यावर पाणी चढलं होतं.

‘तू उंटावरून शेळ्या हाकल्यास,’ मास्तर म्हणाले. ‘अगं, सदरा घालणाऱ्याच्या मापाचा शिवतात. शिवणाऱ्याच्या नाही.’

त्यानंतर प्रत्येक भिंतीच्या मापाला मास्तर येत राहिले. त्यासाठी दुकान थोडं उशिरा उघडायचं, एवढंच. कुणाच्या शयनघरात पहाटेचं कुरण उगवलं, कुणाच्या जेवणाच्या टेबलामागे नदीचं वळण. एका म्हाताऱ्या घड्याळजीच्या खोलीत ताईंनी नुसता वाळूचा किनारा काढला, कारण त्याला बारीकसारीक काही बघायचं नव्हतं. जन्मभर तेच केलं होतं, म्हणाला. पुढे ताईंनी स्वतःचं घर घेतलं, तीन खोल्यांचं, वरच्या मजल्यावरचं. त्यातली एकही भिंत त्यांनी रंगवली नाही. दिव्याखाली अंधार, असं लेक चिडवायची. ताई म्हणत, दिवसभर डोंगर उचलून आल्यावर माणसाला घरी सपाट काहीतरी लागतं.

मग एका दुपारी मास्तर दुकानात कापड बेतत असताना त्यांच्या डाव्या हातातून कापड सुटलं. उजव्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली. शेजारच्या किल्लीवाल्याने त्यांना टेबलावरून घसरताना बघितलं, म्हणून वेळेवर दवाखाना गाठता आला. अर्धांगाचा झटका होता. बोलणं थोड्या दिवसांनी परत आलं, जरा जड, पण तेच. डावा हात आणि डावा पाय मात्र परके झाले. डॉक्टरांनी आडवेढे न घेता सांगितलं की अशी माणसं उभी राहिलेली मी पाहिली आहेत आणि न राहिलेलीही, तुम्ही व्यायाम सोडू नका.

बाहेरच्या खोलीत खाट मांडली. दार एका बाजूला, खिडकी दुसऱ्या, आणि पायांच्या दिशेला कोरी पांढरी भिंत. पाठीशी उशा रचल्या की मास्तरांची नजर सरळ तिच्यावर पडे. सकाळी व्यायाम करून घेणारी बाई येई, वाकवून-ताणून जाई. उरलेला दिवस मास्तर आणि भिंत. ओळखीचे लोक भेटायला येत, पण दारातच उभे राहत. कसं आहे, बरं दिसतंय, काळजी घ्या, असं उभ्याउभ्याच म्हणून, जिना उतरताना मोठा श्वास सोडत. तो श्वास खोलीत ऐकू येई. ताईंना त्यांचा राग येत नसे. उभ्या माणसाने आडव्या माणसाशी काय बोलावं, ते त्यांनाही अजून नीट जमत नव्हतं.

एका सकाळी चहा पिताना मास्तरांनीच विषय काढला. म्हणाले, दिवसभर पांढरं बघून डोळ्यांत चुना गेल्यासारखं होतंय. गिऱ्हाईक म्हणून माझं नाव लिहून घे. बाकीच्यांना थांबव.

काय काढू, असं ताईंनी विचारलं, तर म्हणाले तुला हवं ते.

ताई दोन्ही हातांनी कामाला लागल्या. पोपडे खरवडले, लांबी भरली, घासली, प्रायमरचे हात मारले. सगळं जुन्या सवयीने झालं. मग निळीची दोरी हातात घेतली आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

या खोलीत सगळ्यात जास्त वेळ कोण असतं आणि कुठं असतं, हे आता विचारायला नको होतं. उशांना टेकलेल्या मास्तरांचे डोळे जमिनीपासून जेमतेम टेबलाच्या उंचीवर होते. तिथं रेघ मारायची तर ती आडव्या माणसाची रेघ झाली. दुसऱ्या कुणाला ती निव्वळ खाली काढलेली वाटली असती. मास्तरांना ती वाचता येत होती. अशा किती रेघांचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं. टप्प आवाज झाला की त्यांना कळणार होतं, आपली बायको आपल्याला कुठं धरून चालली आहे. आणि उभ्याच्या मापाने मारावी, तर ती घरमालकिणीच्या तळ्याची गोष्ट. जमीन त्यांच्या डोक्यावर चढणार, आणि ते दिवसभर तिच्याखाली पडून राहणार.

लेकीला यात काही अडचणच दिसत नव्हती. ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवायची, सुटी मिळेल तशी यायची, आणि व्यायामाच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून असायची. फोनवर तिने ठाम सांगितलं की उभ्याच्या मापानेच काढ, बाबांना वर बघायची सवय राहील, वर बघितलं की माणसाला उठावंसं वाटतं. ताईंना ते खोडता येईना. लेक चुकीचं बोलत नव्हती. ती आशेच्या बाजूने बोलत होती, आणि त्या बाजूच्या माणसाला कोण अडवणार?

दोरी पुन्हा डब्यात गेली. ताईंनी रेघ न मारताच रंगवायला घेतलं. त्यांनी जंगल काढलं, आणि जंगलात धुकं. एकामागे एक झाडांचे बुंधे, मागचे मागचे फिकट होत गेलेले, आणि सगळ्यांच्या मागे ओल्या स्पंजने पसरवलेला दुधी रंग. जमीन कुठं संपते आणि आभाळ कुठं लागतं, कुणाला शोधूनही सापडू नये असा. बघणारा उभा असो, बसलेला असो, खाटेवर असो, धुक्याला कुणाचं माप लागत नाही. ताईंना आपल्या युक्तीचं थोडं कौतुकही वाटलं. व्यायामाची बाई रोज थांबून बघू लागली. खालच्या मजल्यावरची माणसं मुद्दाम वर आली, दारातून वा म्हणून गेली.

मास्तर नुसते बघत होते. काम बरंच पुढे गेलं, ताई खालच्या नेच्यांची पानं काढत मांडी घालून बसल्या होत्या, तेव्हा मागून आवाज आला.

‘अगं, क्षितिज कुठाय?’

‘धुक्यात आहे,’ ताई मान न वळवता म्हणाल्या.

‘लोकांच्या भिंतीवर कधी धुकं काढलं नाहीस ते.’

ताईंचा ब्रश थांबला.

‘माप घ्यायला मला बोलावलंही नाहीस,’ मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाने सदरा परत आणला की तो हातात घेऊन, उलटा करून बघत बोलायचे, तसा आवाज होता. ‘टाके छान आहेत. पण हा कुणाच्याच अंगाचा नाही.’

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ताई हात पुसत खाटेच्या कडेला येऊन बसल्या. रेघ खाली मारायला माझा हात धजत नाही, असं त्यांनी सांगितलं. तुम्हाला वाटेल, हिने आपलं उभं राहणं सोडून दिलं. लेक काय म्हणाली तेही सांगितलं.

मास्तरांनी उजव्या हाताने पांघरुणाची कड चिमटीत धरून बघितली. मग म्हणाले, ‘दुकानात आया यायच्या बघ पोरांना घेऊन. मास्तर, जरा वाढत्या अंगाचं शिवा. मी शिवायचो. पण मला कधी आवडलं नाही ते. आज पोराच्या अंगावर लोंबतो, बाह्यांतून हात दिसत नाहीत. आणि पोर मापात येईपर्यंत कापड विरून जातं. त्याला त्याच्या मापाचा सदरा कधी मिळतच नाही.’

ताई नखातला हिरवा रंग काढत राहिल्या.

‘मी आत्ता इथं आहे,’ मास्तर म्हणाले. ‘इथून काढ. उभा राहिलो तर उभ्याचं बघू. खिडकीकडची भिंत कोरीच आहे की.’

धुक्यावर पांढरा हात मारताना ताईंना वाईट वाटलं. खोटं कशाला बोला. नेचे फार चांगले उतरले होते. भिंत वाळल्यावर त्यांनी टेप काढली, पण मास्तरांनी ती मागून घेतली. माप मी घेणार, म्हणाले. टेपचं एक टोक ताईंनी जमिनीला लावलं, दुसरं मास्तरांनी उजव्या हाताने आपल्या डोळ्याच्या कोपऱ्याशी नेलं. ताईंनी ते माप भिंतीच्या दोन्ही टोकांना नेऊन तिथं खिळे ठोकले आणि खिडकीकडच्या खिळ्याला दोरी बांधली. दुसरं टोक खाटेपर्यंत पुरेना, म्हणून ताईंनी त्याला आणखी दोरी जोडली आणि ती दाराकडच्या खिळ्यावरून फिरवून मास्तरांच्या मुठीत दिली. मास्तरांनी ताण दिला. ताईंनी मधोमध दोरी ओढून सोडली.

टप्प. निळीची बारीक धूळ उडाली आणि खाली बसली. रेघ टेबलाच्या उंचीवर होती आणि तिच्या वर पांढरी भिंत छतापर्यंत पडली होती. एवढं आभाळ ताईंनी कधीच कुणाला दिलं नव्हतं.

‘आता काय काढू?’ त्यांनी विचारलं.

‘बस बंद पडली होती ते मैदान,’ मास्तर म्हणाले.

लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं मास्तरांच्या बहिणीकडे निघाली होती आणि बस रस्त्यातच बंद पडली होती. आजूबाजूला घर नाही, दुकान नाही, नुसतं गवताचं मैदान, आणि लांब, अगदी जमिनीला चिकटून, टेकड्यांची एक बुटकी ओळ. सगळे प्रवासी ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडत होते. मास्तर मात्र गवतात आडवे झाले आणि चक्क झोपले. नव्या नवरीला सामानावर बसवून हा माणूस घोरतोय, म्हणून ताई नंतर कितीतरी दिवस ते उगाळत असत.

‘तुम्ही तर झोपला होतात. तुम्हाला काय दिसलं असणार?’

‘झोप नंतर लागली. आधी बराच वेळ बघत होतो,’ मास्तर म्हणाले. ‘तेव्हाही आडवाच होतो की. तुझं माप बरोबर आहे.’

ताईंना हसू आलं. दवाखान्यातल्या दिवसांपासून त्या अशा हसल्या नव्हत्या.

मैदान सावकाश उतरलं. उजेड खऱ्या खिडकीच्या बाजूने घेतला, म्हणजे सकाळी खोलीत ऊन आलं की गवतातही यावं. आभाळ सगळ्यात अवघड गेलं. इतक्या मोठ्या रिकामपणात ढग टाकायचा मोह होई, आणि ताई ब्रश मागे घेत. लांब रस्त्यावर त्यांनी बस काढली, बोटाच्या पेराएवढी, बॉनेट उघडं असलेली. रेघेच्या अगदी जवळचं गवत त्यांनी बारीक काढलं, खालचं मोठं, सैल, वाऱ्याने एका अंगाला झुकलेलं.

काम संपल्यावर त्यांनी खाटेच्या कडेला बसून मास्तरांच्या उशीशी डोकं नेलं आणि समोर बघितलं. पांघरुणाखालची मास्तरांची पावलं बरोबर गवतात आली होती. ताईंनी ते ठरवून केलं नव्हतं. मास्तरांनी उजवं पाऊल जरा हलवून बघितलं. दुसरं हललं नाही. पण गवतात दोन्ही होती.

पुढच्या सुटीला लेक आली. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती दारात उभी राहिली. तिथून, उभ्या माणसाच्या उंचीवरून, चित्र विचित्रच दिसत होतं. मैदान पायापाशी गोळा झालेलं आणि वर नुसता निळा रंग, गच्चीवरून खाली बघावं तसं. तिने रेघ कुठं आहे ते बघितलं, मग आईकडे बघितलं. एवढ्या दिवसांचं साचलेलं तिच्या तोंडी आलं.

‘तू ठरवूनच टाकलंस तर, आई.’

ताईंनी तोंड उघडलं, पण मास्तर आधी बोलले.

‘इकडं ये. बस.’

‘बाबा, मी काय म्हणतेय—’

‘बसून म्हण.’

जवळ खुर्ची होती, पण मास्तरांनी मान हलवली. खुर्ची उंच होती. लेक पिशवी ठेवून, नाइलाजाने, खाटेला टेकून खाली बसली, पाय दुमडून, तिचं डोकं बापाच्या उशीच्या पातळीवर. रागात होती, त्यामुळे आधी समोर बघेचना. मग बघितलं. तिची मान हळूहळू वर गेली, आभाळभर फिरली आणि पुन्हा टेकड्यांपाशी आली. लहानपणी पुस्तकांच्या प्रदर्शनात आवडीचं पुस्तक हाती लागलं की यायची, तशी तिच्या खांद्यांत एक सैल शांतता आली.

‘ती बस आहे?’ तिने थोड्या वेळाने विचारलं.

‘बंद पडलेली,’ मास्तर म्हणाले.

मग ती गोष्ट निघाली. ताईंच्या बाजूने सांगितली गेली, मास्तरांच्या बाजूने दुरुस्त केली गेली. लेकीने ती असंख्य वेळा ऐकलेली होती, तरी तिने मध्येच विचारलं की टेकड्यांच्या पलीकडे काय होतं. दोघांनाही सांगता आलं नाही. चहा झाला, दिवस कलला. लेक जमिनीवरून उठलीच नाही. दोन महिन्यांत बापाशी फोनवर, आणि तेही व्यायामावरच, बोलली होती, ते तिने कबूल केलं नाही. तिने फक्त त्यांचा डावा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि बोटं एकेक करून मोकळी करत बसली.

संध्याकाळी शेजारच्या दुकानाचा किल्लीवाला भेटायला आला. सवयीने दारात उभा राहिला आणि काय मास्तर, बरं दिसतंय, असं सुरू केलं. तोच लेक म्हणाली, काका, तिथून नाही दिसत, आत येऊन बसा. तो खुर्चीत बसला, मान वाकडी केली, आणि सभ्यपणे छान आहे म्हणाला. छान दिसत नसल्याचं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

तो गेल्यावर लेकीने खुर्ची उचलून उलटी केली आणि तिच्या पायांकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेजाऱ्यांकडून करवत मागून घेऊन आली. ताईंनी विचारलं, चांगल्या खुर्चीचं काय करतेस? ती म्हणाली, भेटायला येणाऱ्यांसाठी. एकेक पाय ती गुडघ्याखाली दाबून कापत होती, भुसा फरशीवर पडत होता. खुर्ची सरळ करून ती तिच्यात बसली, भिंतीकडे तोंड करून, पाठ ताठ, समोर बघत.

मास्तरांनी उशीवरून डोळे बारीक करून तिच्या डोळ्यांची उंची बघितली, मग टेकड्यांची.

‘अजून बोटभर,’ ते म्हणाले.